कमानींखालचा रस्ता

बी.एड.च्या वर्गात आमच्याकडून एक सूत्र पाठ करून घेतले होते : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे ठाऊक आहे तिथे उभे राहा आणि जे ठाऊक नाही तिकडे त्याचा हात धरून न्या. नववीच्या मुलामुलींची इतिहासाची क्षेत्रभेट ठरली तेव्हा आम्ही हेच सूत्र डोळ्यांसमोर ठेवले. मुले मदनपुरा, नागपाडा, भेंडीबाजार इथली. त्यांना फोर्ट दाखवायचा होता, म्हणजे मुंबईतला जुना, उंची दुकानांचा, देखण्या इमारतींचा भाग. मग सुरुवात कुठून करायची? क्रॉफर्ड मार्केटपासून. ईदच्या खरेदीला सगळ्यांचे घरदार तिथे आलेले असते. तिथून दक्षिणेकडे मात्र बहुतेकांची पावले कधी वळलेली नव्हती. अंतर म्हणाल तर चालत दहा मिनिटांचे.

हे दहा मिनिटांचे अंतर आले कुठून, हाच खरे तर या भेटीचा विषय होता. पाठ टाचणात आम्ही तसे लिहिले नव्हते. टाचणात लिहिले होते : 'ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षण'.

आज जिथे फोर्ट म्हणतात तिथे एके काळी खरोखरच कोट होता. इंग्रजांनी बांधलेल्या या कोटाला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. दक्षिणेच्या अर्ध्या भागात गोरे राहत आणि उत्तरेच्या अर्ध्या भागात एतद्देशीय व्यापारी. बझार गेट हे नावच सांगते की बाजार कोणत्या बाजूला होता. १८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि उत्तरेकडची दाट वस्ती जळाली. त्यानंतर पुष्कळ लोक कोटाबाहेर, मैदानापलीकडे राहायला गेले. कोट आणि ही नवी वस्ती यांच्यामध्ये एस्प्लनेडचे मोकळे मैदान होते. तोफांच्या माऱ्यात अडथळा नको म्हणून ते मोकळे राखले होते. मैदानापलीकडच्या त्या वस्तीला इंग्रज 'नेटिव्ह टाउन' म्हणत. आमची मुले राहतात ते मोहल्ले पुढे त्याच अंगाला वाढले. म्हणजे दहा मिनिटांच्या या अंतरामागे तोफांचा हिशेब होता.

जामा मशीद याच काळातली. क्रॉफर्ड मार्केटजवळ शेख मेमन स्ट्रीटवर १८०२ मध्ये ती पूर्ण झाली. तिच्या आतला पाण्याचा जुना हौद मुलांनी पाहिलेला होता, पण मशिदीचे वय कुणाला ठाऊक नव्हते. या मशिदीच्या व्यवस्थेत कोकणी मुसलमानांचा पुढाकार राहिला आहे. घरात मराठीचीच एक बोली बोलणारी ही माणसे जहाजांच्या धंद्यात होती. मुंबईच्या मुसलमानांचा इतिहास उर्दूतून सुरू होतो असे ज्यांना वाटते, आणि त्यांत आमचेही काही सहकारी आहेत, त्यांनी या मशिदीपाशी दोन मिनिटे थांबावे.

१८६२ नंतर गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा खेळू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पण पाडलेल्या भिंतींच्या जागी रुंद रस्ते आणि इमारती उभ्या राहणे थांबले नाही. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये उभे राहिले. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव त्याला दिले गेले. आज त्याचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. प्रवेशद्वारावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची शिल्पे आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांची आहेत. ते जवळच्याच जे. जे. कला शाळेत शिकवत. "सर, हम इतनी बार आए, ये कभी देखा नहीं," असे एक मुलगा म्हणाला. वर बघायला सवड असेल तेव्हा ना. बाजारात माणूस भाव बघतो.

तिथून निघालो तो थेट अंजुमन-ए-इस्लामच्या दारात. मुलांना ही शाळा नावाने माहीत होती. दिलीपकुमार या शाळेत शिकले हेही माहीत होते. इमारत मात्र त्यांनी नीट पाहिली नव्हती. संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे ही मंडळी तिच्या पायाभरणीत होती. तय्यबजी सुलेमानी बोहरा, रोगे कोकणी मुसलमान. जमात वेगळी आणि घरची बोलीही वेगळी. पण मुलांना नवे शिक्षण मिळाले नाही तर हा समाज या शहरात फक्त ओझी उचलत राहील, हे दोघांनाही दिसत होते. १८६७ मध्ये तय्यबजी मुंबईच्या हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. शाळेची ही इमारत १८९३ ची आहे.

तिची जागा पाहा. समोर त्या काळचे बोरीबंदर, म्हणजे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी उभारलेले व्हिक्टोरिया टर्मिनस. पलीकडे त्यांनीच बांधलेले, १८९३ मध्येच पूर्ण झालेले महापालिकेचे मुख्यालय. शहराच्या सर्वांत मानाच्या रस्त्याच्या तोंडाशी मुसलमान मुलांची शाळा उभी राहिली. मोहल्ल्याच्या पोटात जागा मिळाली नसती असे नव्हे. आमच्या मते तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी या जागेतून एक अर्ज दगडात लिहून ठेवला आहे : या रस्त्यावर आमचाही हक्क आहे.

स्टेशनासमोर उभे असताना एका मुलीने २००८ चा विषय काढला. २६ नोव्हेंबरच्या रात्री या स्टेशनात झालेल्या गोळीबारात जी माणसे गेली त्यांत मुसलमान प्रवासीही होते, हे तिने घरी ऐकले होते. तिचे ऐकणे खरे होते. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला होता, हेही आम्ही तिला सांगितले. त्या रात्रीनंतर शहरातल्या मोठ्या दुकानांच्या दारांत धातुशोधक चौकटी आल्या, पिशव्या तपासणारे पहारेकरी आले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल, असे आम्ही म्हणालो. इतक्या लवकर कामाला येईल असे वाटले नव्हते.

स्टेशनापासून फाउंटनपर्यंतचा रस्ता म्हणजे जुना हॉर्नबी रोड, आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. विल्यम हॉर्नबी हे अठराव्या शतकातले मुंबईचे गव्हर्नर. या रस्त्याची गंमत त्याच्या कमानींत आहे. १८९६ मध्ये सरकारने नियम केला की इथे बांधल्या जाणाऱ्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानदार मार्ग सोडावा. वर ज्याला जी शैली हवी ती त्याने निवडावी, खाली मात्र सगळ्यांची कमान एका ओळीत. त्यामुळे वर कुठे गॉथिक टोक, कुठे ग्रीक खांब, कुठे घुमट आणि कोनाडे दिसतात. खाली मात्र ऊन-पाऊस न लागता माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. मुलांना हा नियम फार आवडला. मालक इमारतीचा, सावली मात्र रस्त्याने जाणाऱ्याची!

पण १८९६ हे साल आम्ही मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगितले ते आणखी कारणांसाठी. त्या वर्षी ७ जुलैला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. हिंदुस्थानातला सिनेमाचा तो पहिला खेळ. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, इथून उत्तरेला थोड्याच अंतरावर मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा पहिला रोगी आढळला. एका बाजूला कमानींचा नियम आणि हलती चित्रे, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या दाटीत मरणारी माणसे. एकाच वर्षी, एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर. प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. नेटिव्ह टाउनला हवा मिळाली, पण ज्यांची घरे पाडली त्या साऱ्यांना पुन्हा तिथेच घर मिळाले नाही.

कमानींखालून चालताना आम्ही मुलांना तीन दारे दाखवली. पहिले व्हाइटवे लेडलॉचे. साहेब लोकांना लागणारे सारे काही एका छपराखाली विकणारी ही इंग्रजी कंपनी होती. तिच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले. ज्या काउंटरवर विलायती कापड उलगडले जाई तिथे चरख्याच्या सुताचे ठाण उलगडले जाऊ लागले. इतिहासाच्या पुस्तकात स्वदेशीचा धडा तीन पानांचा असतो. इथे तो एका दारात मावतो. आणि कापड म्हटले की आमच्या मुलांचा संबंध आलाच. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मदनपुऱ्यात हातमाग लावले. भिवंडी आणि मालेगावही त्याच वाटेवर वसली. मुलांच्या पणजोबांचा मागोवा घेतला तर तो कुठल्या ना कुठल्या मागापाशी जातो.

दुसरे दार आनंद भवनचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली १९४५ मध्ये. तिचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये सुरू झाले. पुढे ते फोर्टात आले. आनंद भवन आणि जवळचे बुद्ध भवन या त्याच्या वास्तू. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ही या कॉलेजाची ओळख होती. तय्यबजींनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी आणखी एका बॅरिस्टराने आपल्या मुलांना याच रस्त्यावर आणले. विकत घ्यायला पैसे नसलेल्यांनीही इथे यावे, पण शिकायला यावे, हा विचार दोघांचा एकच. हॉर्नबी रोडला सगळे जण दुकानांचा रस्ता म्हणतात. आम्ही त्याला शाळांचा रस्ताही म्हणतो.

तिसरे दार बद्री महालाचे. दाऊदी बोहरा समाजाच्या कारभाराचे हे ठिकाण. जवळच पारशांची वाच्छा अग्यारी आणि पेटिट वाचनालय. मुलांना आश्चर्य वाटले की एवढ्या 'इंग्रजी' दिसणाऱ्या रस्त्यावर इंग्रजांचे इतके थोडे आणि आपल्या लोकांचे इतके जास्त कसे? खरेच आहे. नावे, नकाशे आणि नियम साहेबांचे होते. दाने, देणग्या आणि घाम बहुतांशी इथल्यांचा होता.

हुतात्मा चौकात आम्ही सावलीला बसलो. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि त्याच्याजवळ मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. या चळवळीत शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला. आम्ही मुलांना शाहीर अमर शेख यांच्याबद्दल सांगितले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव डफ वाजवला. मुलांपैकी कुणीही हे नाव ऐकलेले नव्हते. उर्दू शाळेतला मराठीचा तास हा अनेकांना 'पास होण्यापुरता' विषय वाटतो. तो चौक या भाषेसाठी सांडलेल्या रक्ताचा आहे आणि त्या लढ्याचा आवाज एका मेहबूबचा होता, हे कळल्यावर मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "सर, ये किताब में क्यों नहीं?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या टाचणात नव्हते.

चौकाच्या तोंडाशी इस्माईल बिल्डिंग आहे. २०१७ मध्ये तिथे झारा या परदेशी कंपनीचे भले मोठे कपड्यांचे दुकान उघडले. ते २०२५ च्या सुरुवातीला बंद झाले. याच परिसरातले स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाले. त्याआधी २०१६ मध्ये काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस मिटले. पुस्तकांचे किताबखाना मात्र २०२० च्या आगीनंतरही पुन्हा उभे राहिले आहे. मोठ्या रस्त्यावरची दुकाने म्हणजे भाडेकरू. येतात, जातात. इमारतीवरचे नाव तेवढे टिकते. इस्माईल हे नाव टिकले आहे.

काळा घोड्यापाशी घोडा तर आहे, पण स्वार नाही. मुळात इथे युवराज एडवर्ड यांचा काळ्या ब्राँझचा अश्वारूढ पुतळा होता. बगदादहून आलेल्या ज्यू सासून घराण्यातल्या सर अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड सासून यांनी १८७९ मध्ये तो दिला. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला तो बिनस्वाराचा. "अच्छा हुआ," एक मुलगा म्हणाला, "अब कोई भी बैठ सकता है." आम्ही हसलो.

तिथेच वॉटसन हॉटेलची इमारत आहे. विलायतेहून आणलेल्या लोखंडी सांगाड्याची. २०१९ पासून ती रिकामी आहे. १८९६ च्याच जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरले होते. हॉटेलातल्या एका गोऱ्याने हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती निमूट सोसली, हे त्यांनी पाहिले. आपल्या बालपणी अमेरिकेतल्या गुलामांना असेच मारताना पाहिल्याची आठवण त्यांना झाली आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी ती लिहून ठेवली. एवढ्या मोठ्या हॉटेलच्या इतिहासात त्या नोकराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

यानंतर जे घडले ते पाच मिनिटांचे. जवळच्या एका गल्लीत उंची कपड्यांचे दुकान होते. काचेआड लग्नाचा एक पोशाख लावलेला. मुली थांबल्या, मागोमाग मुले थांबली. दारातला पहारेकरी पुढे आला. "क्या काम है? भीड़ मत करो, आगे चलो." आवाज चढा नव्हता. रोजचे वाक्य रोजच्या सुरात. मुले मुकाट्याने मागे सरली. कुणाला राग आला असेही दिसले नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले. आम्ही पुढे होऊन सांगितले, शाळेची मुले आहेत, रस्त्यावरून बघताहेत. तो म्हणाला, "सर, हमारी भी नौकरी है." तेही खरे होते.

तेवढ्यात एक मुलगी, आतापर्यंत तोंडही न उघडलेली, काचेपासून दोन हात लांब उभी राहून मैत्रिणीला सांगू लागली, "ये आरी का काम है. वो किनारे पे दबका. बीच में कटदाना. ये चार आदमी का अड्डा है, एक से नहीं होता." तिचे वडील जरदोजीचे कारागीर आहेत. कारखान्यातल्या अड्ड्यावर पाठ वाकवून टाके घालणारे. बाकीची मुले तिच्याभोवती गोळा झाली. पहारेकरीही ऐकत उभा राहिला. सकाळपासून आम्ही जे तीन तास बोललो होतो त्याहून अधिक इतिहास तिने त्या अर्ध्या मिनिटात सांगितला. कमानी, काचा आणि दिवे या बाजूला, अड्डा त्या बाजूला. मधले अंतर दहा मिनिटांचे.

किमतीची चिठ्ठी लहान होती, पण तिच्या नजरेतून सुटली नव्हती. ती वाचून ती गप्प झाली. आम्हीही काही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांनी वृत्तान्त लिहून आणले. कुणी स्टेशनावर लिहिले, कुणी बिनस्वाराच्या घोड्यावर. अमर शेख यांच्यावर तिघांनी मराठीत लिहिले, चुका पुष्कळ होत्या, आम्ही त्या लाल शाईने न दाखवता पेन्सिलने दाखवल्या. त्या मुलीने दीड पान लिहिले आणि खाली अड्ड्याचे चित्र काढले, कुठला कारागीर कुठे बसतो ते दाखवणारे.

ते चित्र पाहताना आमची चूक आमच्या लक्षात आली. ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे सूत्र बरोबर होते, पण मुलांना काय ज्ञात आहे ते ठरवण्यात आम्ही चुकलो होतो. आम्ही त्यांना गिऱ्हाईक समजलो आणि बाजारापासून सुरुवात केली. ती कारागिरांची मुले आहेत. यंदाच्या टाचणात म्हणून एक दुरुस्ती केली आहे. क्षेत्रभेट सकाळी नऊला मदनपुऱ्यातल्या एका कारखान्यात अड्ड्यापाशी सुरू होईल. मग माग, मग मंडई, मग अंजुमन, मग कमानी. आणि काचेपाशी पोहोचल्यावर काय पाहायचे ते मुलेच आम्हाला सांगतील.